शून्य खर्चाचा सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि खरं सांगायचं तर मला माझी गोष्ट सांगायची मुळीच हौस नाही. भंगारात निघालेल्याने मिरवायचं तरी काय? पण माझं ऐकून घेणारं आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही, म्हणून सांगतो.

सर्व्हर म्हणजे संगणकच, पण त्याच्यासमोर बसून कुणी खेळत नाही की चित्रं काढत नाही. इतर संगणकांनी दिलेलं जपून ठेवायचं आणि त्यांनी मागितलं की लगेच काढून द्यायचं, एवढंच माझं काम. कारखान्यात माझ्या पोटात दोन डिस्क बसवल्या, अगदी जुळ्या बहिणी. एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवरही लिहायचं, म्हणजे एक आजारी पडली तरी दुसरी घर सांभाळेल. तपासणाऱ्या कामगाराने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा रे बाबा, चांगल्या घरी पड."

घर चांगलंच मिळालं. कमी ऐकू येणाऱ्या मुलांचा तो दवाखाना होता, एका ट्रस्टने चालवलेला. तिथे जागेची बोंब, मग मला वेगळी खोली कुठली मिळायला? मुलांची यंत्रं जिथे जुळवली जात, त्याच खोलीच्या कोपऱ्यात मला उभं केलं.

यातल्या काही मुलांच्या कानात ऑपरेशन करून एक बारीक तार बसवलेली असते आणि कानामागे एक छोटं यंत्र. पण यंत्र लावलं की लगेच सगळं ऐकू येतं, असं नाही हं. कुठला आवाज किती मोठा सोडायचा, हे प्रत्येक मुलाचं वेगळं. कमी पडला तर कळत नाही, जास्त झाला तर मूल किंचाळतं. कानाच्या मॅडम, सगळी मुलं त्यांना असंच म्हणत, एकेक आवाज सोडायच्या आणि मुलाच्या तोंडाकडे बघत बसायच्या. आवाज कळला की मुलाने एक लाकडी मणी डब्यात टाकायचा. असं खपून खपून प्रत्येक मुलाची जुळणी तयार व्हायची. ती एक त्याच्या यंत्रात असायची आणि तशीच दुसरी माझ्या पोटात. यंत्र हरवलं किंवा फुटलं, तर माझ्याकडची जुळणी नव्या यंत्रात भरली की झालं. चहा होईपर्यंत मूल पुन्हा ऐकायला लागायचं.

त्या मुलांत एक मुलगी होती. तिची आई बेकरीत कामाला. मुलगी बोलायची कमी आणि ओरडायची जास्त, म्हणून आईनेच तिचं नाव टिटवी पाडलं होतं. टिटवीची जुळणी करताना मॅडमच्या नाकी नऊ आले. भांडं पडलं की ती कान धरून टेबलाखाली शिरायची, आणि भांड्याचा आवाज कमी केला की आईचाही जायचा. किती खेपा झाल्या, किती वेळा सगळं पुसून पुन्हा केलं! मग एक दिवस टिटवी आईकडे वळून म्हणाली, "हळू बोल ना, केवढी ओरडतेस!" आई हसता हसता रडायला लागली. त्या दिवशीची जुळणी मॅडमनी माझ्याकडे दिली आणि मला धन्य वाटलं. खोटं कशाला सांगू?

आता पैशांचं सांगतो. ते टाळता येत नाही, कारण सगळं तिथेच बिनसलं.

माझ्यासारख्याला चालवायला आत एक ऑपरेटिंग सिस्टिम लागते. ती नसेल तर मी नुसता पत्रा. माझी पहिली सिस्टिम विकतची होती. तिची मुदत संपत आली, तेव्हा आता कुठली घ्यायची हे ठरवायला बैठक भरली. मोठ्या खुर्च्या नव्हत्याच, म्हणून सगळे मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसले. ट्रस्टचे खजिनदारकाका होते. पै न् पै वाचवायचे, पण स्वतःसाठी नाही, मुलांच्या यंत्रांच्या बॅटऱ्यांसाठी. विकतच्या सिस्टिमच्या कंपनीचा विक्रेता टाय लावून आला होता. आणि मला सांभाळणारी वायरताई होती. गळ्यात कायम वायरचं वेटोळं, म्हणून हे नाव.

विक्रेता म्हणाला, "सिस्टिमचे पैसे एकदा भरा. शिवाय जितके लोक सर्व्हर वापरतील, तितक्यांचे परवाने घ्या. काही वर्षांनी पुढची आवृत्ती येईल, तिचे वेगळे. पण अडलं की फोन करा, आमचा माणूस उचलेल."

"म्हणजे रिसेप्शनवरच्या मुलीचेही पैसे?" काकांचे डोळे पांढरे झाले.

"तिचेही."

वायरताई उसळलीच. "काका, कशाला हा भुर्दंड? मुक्त सिस्टिम आहे ना! जगभरचे लोक मिळून बनवतात, आत काय आहे ते कुणीही उघडून बघावं. परवाना नाही, माणशी पैसे नाहीत. एका मशीनवर टाका नाहीतर शंभरांवर."

"आणि बिघडली तर फोन कुणाला करायचा?" विक्रेत्याने विचारलं. मला तो माणूस काही आवडला नव्हता, पण प्रश्न बरोबर होता.

"मी आहे ना!"

"ते ठीक. पण खर्च किती?" काका म्हणाले.

वायरताई भांडण जिंकत आली होती. तिच्या अंगात वारं संचारलं होतं. तिने मुलांच्या फळ्यावर एक भलंमोठं शून्य काढलं आणि म्हणाली, "हा घ्या खर्च!" सगळे हसले. विक्रेत्याने बॅग उचलली. मीही मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. स्वतःचा पगार त्या हिशेबात धरायचा राहिला, हे ना तिच्या लक्षात आलं, ना काकांच्या.

नवी सिस्टिम मला छान मानवली. वायरताई रोज माझी विचारपूस करायची. सिस्टिमच्या दुरुस्त्या आल्या की बसवायची, दर आठवड्याला सगळ्या जुळण्यांची नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर काढायची, जाळीतली धूळ ब्रशने झाडायची आणि वर मलाच दटावायची, "केवढा घाणेरडा रे तू!" मला काही दुखलंखुपलं की मी तिला ईमेल धाडायचो आणि ती धावत यायची. मी एकदाही बंद पडलो नाही. नेमकं तेच नडलं.

पुढे बॅटऱ्या महागल्या. ट्रस्टमध्ये कुणीतरी विचारलं, सिस्टिम मोफत आहे, मशीन बंद पडत नाही, मग या बाई दिवसभर करतात काय? काकांनी वायरताईला बोलावलं आणि स्वतःच्या चपलांकडे बघत सांगितलं, पुढच्या महिन्यापासून येऊ नका.

"अहो काका, मी आहे म्हणून ते चालतंय!"

"पण तुम्हीच म्हणाला होतात ना, खर्च शून्य."

रिसेप्शनवरच्या मुलीला तिने नक्कल कशी काढायची ते शिकवलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. वाचलेल्या पैशांच्या बॅटऱ्याच आल्या. काकांनी त्यातला पैसाही इकडचा तिकडे केला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे.

रिसेप्शनवरची मुलगी काही दिवस नक्कल काढत होती. मग तिला दुसरीकडे नोकरी लागली. नव्या मुलीला कुणी काही सांगितलं नाही. तिला ड्रॉवरमध्ये एक डिस्क सापडली. बिनकामाची दिसते, असं म्हणून तिने ती पुसली आणि संमेलनाचे फोटो भरले.

त्यानंतर माझ्या दोन डिस्कपैकी एक गेली. मी लगेच वायरताईला ईमेल धाडली. पण कामावरून गेलेल्या माणसाचा ईमेलचा पत्ता चालू ठेवायचा नाही, असा ट्रस्टचा नियम. ईमेल परत आली. मी पुन्हा धाडली. पुन्हा परत. रोज हेच. डिस्क गेली आहे, बदला हो, कुणीतरी बदला! बोंबलून माझा घसा बसला असता, मला घसा असता तर. माझ्या कपाळावर लाल दिवा लुकलुकायला लागला. त्यामुळे मुलांचं लक्ष उडायचं, मणी हातातच राहायचा. म्हणून मॅडमनी दिव्यावर चिकटपट्टी लावली. त्यांना दोष कसा देऊ? त्या दिव्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

आणि एक दिवस शाळेच्या गच्चीवरून टिटवीचं यंत्र खाली पडलं. त्याचा चुरा झाला. नवं यंत्र मिळेपर्यंत ती मुकाट बसून होती. नवं मिळाल्यावर आई तिला घेऊन आली, ती हसतच. "आता काय, जुळणी आहे ना तुमच्याकडे! लगेच होईल ना मॅडम? मला दुपारपाळी गाठायची आहे."

मॅडमच्या संगणकाने माझ्याकडे टिटवीची जुळणी मागितली. मी शोधायला गेलो आणि तेवढ्यात दुसरी डिस्कही गेली. टिटवीचं गेलं, सगळ्या मुलांचं गेलं. आजवर मागितलेलं दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. मॅडम पुन्हा पुन्हा मागत होत्या आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

वायरताईला फोन गेला. ती दुसरीकडे नोकरीला होती, तरी हातातलं काम टाकून आली. तिने चिकटपट्टी ओढून काढली, माझं पोट उघडलं आणि दोन्ही डिस्क एकेक करून तपासल्या. मग तिने बाहेरची डिस्क मागितली. त्यावर संमेलनातली मुलं ओळीने उभी होती. माझ्या दोन्ही डिस्क दुरुस्तीवाल्यांकडे पाठवल्या, त्यांनीही हात टेकले.

खजिनदारकाका दारात उभे होते. "किती खर्च येईल ते सांगा. कुठूनही आणतो, माझे घालतो."

"काका," वायरताई म्हणाली, "आता कितीही आणलेत तरी नाही." आणि ती त्या बुटक्या खुर्चीत बसून रडली.

आता दवाखान्यात नवा सर्व्हर आहे, विकतच्या सिस्टिमचा. भंगारवाला येईपर्यंत मी त्याच खोलीच्या कोपऱ्यात पडून आहे. परवाने घेतले, माणशी पैसे भरले. फोन केला की माणूस उचलतो. बरं झालं. मला माझ्या सिस्टिमला नावं ठेवायची नाहीत, तिने शेवटपर्यंत ओरडून सांगितलं. विकतच्या सिस्टिमलाही नावं ठेवायची नाहीत, तिची किंमत जास्त, पण त्या किमतीत निदान एक माणूस तरी धरलेला असतो. आमच्याकडे तो माणूस होता. आम्ही त्यालाच खर्च समजून काढून टाकलं.

गेल्या आठवड्यात टिटवीची जुळणी पहिल्यापासून सुरू झाली. पहिल्याच आवाजाला ती किंचाळली. मॅडमनी कमी केला, तर तिला काहीच कळेना. आई बोलत राहिली आणि टिटवी तिच्या ओठांकडे नुसती बघत राहिली. शेवटी तिने कानामागचं यंत्र स्वतःच्या हाताने काढलं, आईच्या पर्समध्ये टाकलं आणि चेन लावून टाकली.

"होईल हो, वेळ लागेल. बुधवारी या," मॅडम म्हणाल्या.

"बघते," आई म्हणाली. एका खेपेला तिचा एक दिवसाचा पगार जातो.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही, माझ्यात आता वाचवण्यासारखं काही नाही. पण तुमच्या शाळेत, दवाखान्यात, वाचनालयात माझ्यासारखा कुणी कोपऱ्यात उभा असेल, तर तो फुकटचा की विकतचा हे मागाहून विचारा. त्याच्याकडे रोज बघणारं माणूस कोण, ते आधी विचारा. आणि कुणीच नाही असं कळलं, तर गप्प बसू नका.

आज बुधवार आहे. दुपार टळून गेली. मॅडम दोनदा दाराबाहेर डोकावून आल्या. टिटवी अजून आलेली नाही.