सातवी प्रत

"नऊ," मास्तर म्हणाले. "पहिल्या अंकातल्या गाण्यावर सहाच होत्या ना रे, येफिम?"

"सहाच," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

गाण्याचा कागद खिडकीपाशी धरून ते खुणा मोजत होते. गाणारी मंडळी दम घ्यायच्या जागी ओळीवर लाल खडूने बारीकशी रेघ मारतात. पीटर्सबर्गच्या दरबारात वीस वर्षं मी गाण्यांच्या प्रती उतरवतोय. कुणाची रेघ कुठली, हे मी झोपेतही सांगेन. ही आमच्यापैकी कुणाचीच नव्हती.

स्पिनार्दी मास्तर इटलीतल्या बेर्गामोहून आले तेव्हा आल्याआल्याच त्यांनी मला बजावलं होतं: गाणारे सहा असले तरी प्रती सात करायच्या. मुख्य गायिकेच्या गाण्यांची ती जादा प्रत तालमीच्या दालनात एका रिकाम्या खुर्चीवर ठेवायची. त्यांची बायको ओर्सोला छातीने नाजूक, म्हणून तिला इथल्या थंडीत आणलं नव्हतं. "तिने गायल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, परदेशी माणूस, चालायचंच.

पण संध्याकाळी मी ती प्रत कपाटात ठेवून कुलूप लावायचो, किल्ली माझ्या गळ्यात असायची, आणि सकाळी तिच्यावर लाल खुणा उमटलेल्या असायच्या. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी छातीवर क्रूस काढला. पुढे मला त्याची सवय झाली. आता त्या सवयीचीच जास्त भीती वाटते.

"तिला दम पुरत नाहीये," मास्तर म्हणाले. "मला घरी गेलं पाहिजे."

रजा मागायला दरबारच्या कारभाऱ्यांकडे मीही त्यांच्याबरोबर गेलो. कारभाऱ्यांनी तपकीर ओढली. "राणीसाहेबांच्या वाढदिवसाचा ऑपेरा पुरा करा, मग जा की खुशाल. आजारपणाचं पत्र आलंय का?"

"पत्र नाही आलं."

"मग कशावरून म्हणता?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वतःच्या जोड्यांकडे पाहत राहिलो. त्या वेळी तोंड उघडलं नाही याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर ते जेवणखाण विसरून लिहीत सुटले. तिला झेपाव्यात म्हणून ओळी आखूड करत गेले. आमची मुख्य गायिका फणकारली, "मला काय दमा झालाय?" तिसऱ्या अंकाच्या पहिल्या गाण्यावर चौदा खुणा आल्या. मग राहिलं फक्त शेवटचं गाणं. त्या सकाळी मी कपाट उघडलं तर त्याच्या कागदावर एकही खूण नव्हती.

जिन्यावर मास्तरांची पावलं वाजली. मी खडू उचलला आणि भराभर सात रेघा ओढल्या.

त्यांनी कागद खिडकीपाशी धरला. एकेका रेघेवर बोट ठेवत गेले.

"इथे दम घेतला तर शब्द मधेच तुटतो, येफिम," ते शेवटी म्हणाले. "ओर्सोला मरेपर्यंत असं करणार नाही."

आपण काय बोलून गेलो हे त्यांना बोलल्यावर कळलं. ते खाली बसले. मला रडू आवरेना, तर उलट त्यांनीच माझा खांदा थोपटला. "असू दे. तू केलंस ते बरं केलंस."

दुपारी कारभाऱ्यांचा माणूस रजेचा कागद घेऊन आला. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी निघायला परवानगी होती. मास्तरांनी तो वाचला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. "ठेव तुझ्याकडे. आता कसली घाई?"

शेवटच्या तालमीला मी सातवी प्रत नेहमीसारखी खुर्चीवर ठेवली. शेवटचं गाणं सुरू झालं. माझी पहिली चुकीची खूण होती तिथे, भर शब्दात, मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. वाद्यं गप्प झाली, गायिकाही तोंड उघडं ठेवून गप्प राहिली. आणि रिकाम्या खुर्चीकडून कुणीतरी दम घेतल्याचा आवाज आला, चांगला छाती भरून, ठणठणीत बाईसारखा.

व्हायोलिनवाल्याने मान वळवून पाहिलं. मास्तरांनी पाहिलं नाही. त्यांनी आवाज पुरा होऊ दिला, मग हात खाली आणला, आणि गाणं पुढे सुरू झालं.