अकरा किलोचा अकॉर्डियन

अकॉर्डियन जर्मनीहून दक्षिण कोरियातल्या मोकपोला सुखरूप पोचला आणि मालसूनबाईंना घेऊन सोफ्यावर बसला. बसला तो उठेचना. अकरा किलो छातीवर, आणि बाईंचं स्वतःचं वजन जेमतेम त्रेचाळीस. शेवटी पट्ट्यांतून एकेक हात सोडवत त्या खालून सरपटत बाहेर आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "तू परत जा बाबा." फोटोत सगळेच अकॉर्डियन सारखे दिसतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

नात दाओनच्या शंभराव्या दिवसाच्या सोहळ्यात वाजवायचं, हे त्यांनी ती जन्मली त्याच दिवशी ठरवलं होतं. ज्येष्ठांच्या केंद्रातल्या अकॉर्डियनच्या क्लासात त्या आधीपासूनच जात होत्या आणि आठ महिने घासून एक अंगाईगीत बसवलं होतं. पण केंद्राचं वाद्य दाराबाहेर न्यायला परवानगी नव्हती, म्हणून साठवलेलं सगळं या धुडात घातलं. आता क्लासमधल्या को आजी मुलाकडे कॅनडाला निघाल्या होत्या आणि त्यांचा पाच किलोचा छोटा अकॉर्डियन विकायला होता. "महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी थांबते, मग दुसऱ्याला," असं त्यांनी बजावलं होतं. पैसे परत आले तर छोटा घेता येणार, नाहीतर नातीपुढे नुसत्या टाळ्या वाजवायच्या.

धूड मागवलं होतं सेऊलच्या एका एजन्सीच्या साइटवरून. बाईंनी फोन लावला.

"अहो आई, परदेशी माल परत होत नसतो," एजंट लाडात म्हणाला. "साइटवर लाल अक्षरांत लिहिलंय की."

"मला एकच मुलगा आहे आणि तो तू नाहीस. परत घेतोस की नाही?"

"जर्मन दुकानदाराला विचारतो ना. उद्या फोन करा, आई."

त्याचा उद्या काही उजाडेना. मन बदललं तर सात दिवसांत वस्तू परत करता येते, एवढं टीव्हीवरच्या विक्रीच्या कार्यक्रमांत ऐकून बाईंना ठाऊक होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने दाओनचे दिवस चालले होते, तिथेच त्यांनी निळ्या पेनाने अकॉर्डियनचे दिवस मांडले. आला त्या गुरुवारी एक, शुक्रवारी दोन. बुधवारी सात झाले, आणि नेमका त्या दिवशी एजंटाने फोन उचलला नाही. गुरुवारी सकाळी उचलला, तर बाईंनी स्वतःच विचारलं, "आज आठवा दिवस झाला ना रे?"



"हो आई, आठवाच! कायद्यापुढे काय करणार? फार वाईट वाटतं हो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाई फोन ठेवून रडल्या.

दुपारी शेजारचे योंगदल किमचीचा डबा परत द्यायला आले. पोस्टातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, तरी सगळी इमारत त्यांना पोस्टमास्तरच म्हणायची.

"दाओनच्या आजी, डोळे का लाल? कांदे चिरलेत की काय?"

बाईंनी सगळं सांगितलं. पोस्टमास्तरांनी चष्मा चढवला आणि कॅलेंडरला नाक लावलं.

"हे निळे आकडे कोणाचे?"

"माझे. जर्मन येऊन लिहिणारे का?"

"मग आला त्याच दिवशी एक कसा?"

"नको? दाओनला जन्मली त्या दिवशी एक घातला नाही? मूल जन्मलं की एक वर्षाचं धरायचो आपण. माणूस गेला तरी गेला तो दिवस धरूनच तिसऱ्या दिवशी उचलतो. मग या धुडालाच काय सोनं लागलंय?"

"अहो, कायदा तसं मोजत नाही! माल आला तो दिवस सोडायचा, दुसऱ्या दिवसापासून एक. आज सातवा आहे, आजी, सातवा!"

बाईंनी डोळे पुसले. "आणि ती लाल अक्षरं?"

"लाल लिहा नाहीतर हिरवी! साइट आपल्या भाषेत, एजन्सी सेऊलची, पैसे तिने घेतले. म्हणजे कायदा आपला. परत धाडायचं भाडं तेवढं तुमच्या माथी, पण घेणारच नाही म्हणायची त्याची टाप नाही. पत्र आज टाकलं की झालं, पोचेना का परवा. पोस्ट सहाला बंद होतं. कागद काढा!"

मजकुराला पोस्टाची साक्ष राहील अशा पत्राच्या तीन प्रती लागतात: एक एजंटाला, एक पोस्टाला, एक आपल्याला. बाई लिहायला बसल्या आणि अडल्या.

"कारण काय लिहू? वजन? माझी कंबर?"

"कारण लागत नाही. 'मन बदललं' एवढंच लिहा."

"नुसतं मन बदललं?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "पोस्टमास्तर, अडुसष्ट वर्षांत हे एकदाही म्हणायला मिळालं नाही हो मला. लग्नाच्या आदल्या दिवशी म्हणायचं होतं, तर आई म्हणाली, कारण सांग."

पोस्टमास्तरांनी पेन उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिलं. बाईंनी 'मन बदललं' हे मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं, तिन्ही प्रतींवर, आणि लिहिताना त्यांना फार बरं वाटलं.

सहाला दहा कमी असताना दोघं पोस्टात पोचले. खिडकीतल्या मुलीने तिन्ही कागदांवर शिक्का मारला, आणि पोस्टमास्तरांनी जुन्या सवयीने प्रत्येकावरची तारीख वाचून पाहिली.

सोमवारी फोन आला. "आई, पत्र मिळालं," एजंटाचा लाड पार आटला होता. "पाठवून द्या. भाडं मात्र कापणार."

"काप की, बाळा. पण पावती दाखव."

महिना संपायला दोन दिवस उरले असताना पैसे आले. भाडं बरंच निघालं, पण को आजींपुरते उरले.

शंभराव्या दिवशी सून हानबितने तांदळाच्या पिठाचे पांढरे केक, त्तोक, वाफवले आणि ताटल्या घरोघर पाठवल्या. ताटली रिकामी परत करू नये म्हणून पोस्टमास्तर तीवर पांढऱ्या दोऱ्याची लड ठेवून आले, पोरीला दोऱ्याएवढं लांब आयुष्य मिळावं म्हणून. बाईंच्या छातीवर छोटा अकॉर्डियन पाहून त्यांना राहवलं नाही.

"दाओनच्या आजी, कायद्याने पाहिलं तर आज नव्व्याण्णवावाच दिवस हां!"

हानबित दचकली. "आई, खरं की काय? आपलं चुकलं?"

"काही चुकलं नाही गं. ते मोजणं परत पाठवायच्या वस्तूंचं. हिला कुठे परत पाठवायचंय?"

बाईंनी भाता ओढला. दाओन आधी दचकली, मग हसली, आणि अंगाईगीत असूनही शेवटपर्यंत झोपली नाही.