पोरासोरांना बंदी

विकास राठोडला मतं होती. तांड्यात कुणाकडे कोरडवाहू जमीन होती, कुणाकडे म्हशी होत्या. विकासकडे मतं होती, आणि तीही सगळी चित्रांच्या सिनेमाबद्दल. सेनगावच्या बसस्टँडजवळ त्याचं सीडी भाड्यानं देण्याचं दुकान होतं. साल दोन हजार तीन. हिंदी मारामारीच्या आणि भक्तिगीतांच्या सीड्यांवर दुकान चालायचं, पण मालकाचा जीव मागच्या फळीवर असायचा. तिथं परदेशी, रेघांनी काढलेले सिनेमे होते. मुखवटे घातलेले सुपरहिरो, शापित राण्या, आगीचे डोळे असलेले लांडगे. गिऱ्हाईक म्हणायचं, "लेकरासाठी कार्टून दे की." विकास विचारायचा, "लेकरू केवढं हाये?" सहा वर्षांचं म्हटलं की तो सीडी देतच नसे. गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर. चित्रात काढलं म्हणजे ते पोरासोरांचं असतं, ही त्याच्या मते देशातली सगळ्यात मोठी गैरसमजूत होती.

चहाच्या टपरीवर कुणी सापडलं की तो त्याला धरून बसवायचा. खऱ्या नटाला हवेत उडवलं की दोरी लपवावी लागते, आणि कितीही लपवली तरी पाहणाऱ्याला ती जाणवते. चित्रातल्या माणसाला दोरीच लागत नाही, म्हणून तो जास्त खरा. शिवाय ज्याला शक्ती फुकटात मिळाली तो वीर नव्हेच, तो नुसता नशीबवान. शक्ती वापरताना अंगातून काहीतरी गेलं पाहिजे. आणि शेवट! शेवटी सगळं गोड करून टाकणाऱ्या सिनेमावाल्यांचा तर त्याला इतका राग यायचा की बोलताना त्याचा चहा थंड होऊन जाई. "पाहनाऱ्याला लहान लेकरू समजतेत साले," तो म्हणायचा.

एवढा बोलका माणूस, पण घरी मिठाची गुळणी धरून बसायचा. घर साखऱ्याजवळच्या तांड्यात. बाप हरिचंद, आई रूपाबाई, आणि धाकटी बहीण दिपा. दिपा बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि नांदेडला नर्सिंगच्या कोर्ससाठी तिची निवड झाली होती. येत्या आठवड्यात जाऊन नाव पक्कं केलं नाही तर जागा दुसरीला जाणार होती. हरिचंदनं एका शब्दात नाही म्हटलं होतं. दवाखान्यात रोगी माणसांत राहायचं, रात्रपाळी करायची, कुणाचं काय अंगाला चिकटेल, कोण काय बोलेल. दिपा रडली नाही, भांडली, आणि मग तिनं भांडणंही सोडलं. या सगळ्यात विकास काय बोलला? काही नाही. जगातल्या प्रत्येक नायिकेबद्दल मत असलेला हा बहाद्दर घरातल्या नायिकेबद्दल मान खाली घालून भाकर खात होता. बापासमोर त्याची जीभ उचलत नसे, दुसरं काय.

त्या रविवारी तांड्यातल्या पारावर भावसिंग कारभाऱ्यानं त्याला गाठलं. कारभारी म्हणजे तांड्याच्या नायकाचा, म्हणजे म्होरक्याचा, उजवा हात, आणि हा कारभारी जिभेनं तिखट होता.

"काय विक्या," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मिशा फुटून जमाना झाला, अजून लेकरायचे चित्रं पाहून राहिला म्हने तू?"

पारावर हशा पिकला. तांड्यात बोलणं गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, चालतं, इथं सांगण्यापुरतं ते मराठीत आणलंय. पण हशा कुठल्याही भाषेत सारखाच लागतो. विकास लाल झाला.

"काका, तुमी एक पूर्ण पाहून दाखवा. मंग बोला."

"आमी? अन् कार्टून?"

"आजच. समाजमंदिरात. फकस्त मोठ्या मान्सायनं यायचं. पोरासोरांना बंदी."

चित्रांचा सिनेमा आणि पोरांना बंदी, हे ऐकूनच अर्धा तांडा जमला. दुपारी दोनला वीज यायची, साडेचारपर्यंत टिकली तर टिकली. विकासनं दुकानातला प्लेअर आणला, समाजमंदिरातल्या टीव्हीला जोडला, आणि आत घुसलेली पोरं एकेक करून दंडाला धरून बाहेर काढली. पोरं खिडकीला लोंबकळली. त्यानं खिडक्यांना पोती लावली. पुढं थावरा नायक खुर्चीवर बसला, पांढरं पागोटं, हातात काठी. शेजारी भावसिंग, हरिचंद आणि बाकीचे बाप्ये. मागं भिंतीला लागून बायका, त्यांच्यात रूपाबाई आणि दिपा.

सिनेमा इंग्रजी होता. विकास टीव्हीशेजारी उभा राहिला आणि पडद्यावर जे चाललं होतं ते सांगू लागला. त्याचं इंग्रजी काही साहेबाचं नव्हतं, पण हा सिनेमा त्यानं इतक्यांदा पाहिला होता की टीव्ही बंद केला असता तरी तो सांगू शकला असता.

मिठागरांचं एक गाव. तिथल्या नावाड्याची पोर. तिच्या उजव्या तळहातात अशी शक्ती की आजारी माणसाच्या कपाळावर तिनं हात ठेवला की त्याचा ताप तिच्या हातात उतरे. पण प्रत्येक वेळी तिच्या हाताचा थोडा भाग दगडाचा होई. आधी करंगळीचं नख, मग करंगळी. बापाच्या हे ध्यानात आलं. त्यानं तिच्या हाताला चामड्याचा पट्टा आवळून बांधला आणि गाठीवर लाख ओतली. कुणाला हात लावायचा नाही, घराबाहेर पडायचं नाही. मग नदीपलीकडच्या शहरात रोगाची साथ आली. माणसं पटापट मरू लागली. सिनेमानं काही लपवलं नव्हतं. प्रेतांच्या गाड्या, त्यांच्यामागं धावणारी कुत्री, सगळं होतं. पागोट्यांखालचे डोळे टीव्हीला चिकटले. भावसिंगच्या हातातली विडी न पेटवताच तशीच राहिली.

पोरीनं दातांनी पट्टा तोडला. मध्यरात्री बापाची नाव सोडली आणि नदी ओलांडली. मागं काठावर बाप ओरडत राहिला. शहरात ती एकेक माणूस बरा करत गेली, आणि तिचा हात मनगटापर्यंत दगड झाला, मग कोपरापर्यंत. इकडे बाप दुसरी नाव मिळवून तिला शोधत निघाला. तो शहराच्या वेशीपाशी आला, पोर त्याला दिसली, तिनं वळून पाहिलं—

आणि वीज गेली.

समाजमंदिरात अशी बोंब उठली की झाडावरचे कावळे उडाले. खिडकीबाहेरची पोरं सगळ्यात मोठ्यानं ओरडली, म्हणजे पोत्याच्या भोकांतून त्यांनीही तिथवरचा सिनेमा पाहिला होता. विकासला आतून उकळ्या फुटत होत्या. त्यानं भावसिंगकडे पाहिलं.

"काय काका, लेकरायचं हाये का हे?"

"ते राहू दे. पोरगी चुकली," भावसिंग तावातावानं म्हणाला. "बापाची नाव चोरून गेली. बाप तिच्या भल्यासाठीच बांधत व्हता का न्हाई?"

"भल्यासाठी? अन् तिकडं मानसं मरून राहिले त्याचं काय?" एक जण मागून म्हणाला.

"तिचा हात जाऊन राहिला त्याचं काय?"

दोन तट पडले. आवाज चढले. विकास मधे शिरला, "थांबा, थांबा, मी शेवट सांगतो..."

थावरा नायकानं काठी आपटली. "तू गप. न्याय करनाऱ्याला शेवट आधी सांगत न्हाईत. आधी नसाब व्हऊ दे."

नसाब म्हणजे तांड्याची न्यायाची बैठक. बांधावरून भांडण झालं, सोयरीक मोडली, की नायकासमोर नसाब बसते. दोन्ही बाजू मांडल्या जातात, आणि नायकाचा शब्द तांड्याला लागू होतो. एकाला एक न्याय अन् दुसऱ्याला दुसरा, हे थावराला खपत नसे. घरातल्या बाप-लेकीचं भांडण मात्र कधी नसाबीत येत नाही, ते उंबऱ्याच्या आत मिटवायचं. पण हे भांडण कुणाच्याच घरातलं नव्हतं. त्यामुळं अडचण नव्हती, बैठक आयतीच जमली होती, वीज येईपर्यंत दुसरं काम नव्हतं, आणि रेघांच्या एका नावाड्यावर तांड्यात खटला उभा राहिला.

बापाची बाजू भावसिंगनं मांडली. पोरीची बाजू विकासनं. आणि काय मांडली! शक्ती असून वापरली नाही तर ती कुजते, तो म्हणाला. तिला माहीत होतं हात जाईल. माहीत असून गेली, म्हणून ती मोठी. बापानं पट्टा बांधला तो तिच्या हाताला नाही, स्वतःच्या भीतीला बांधला. टपरीवर वर्षानुवर्षं फुकट वाटलेली सगळी मतं त्यानं इथं ओतली. हरिचंद मान हलवत ऐकत होता, आपलं पोरगं एवढं बोलतं हे त्याला बहुधा आजच कळलं.

थावरा नायकानं दोघांचं ऐकून काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "आपले वाडवडील लदेनीवाले. बैलायच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले. जो बैल वझं पेलतो, त्याला वझं जड हाये म्हनून कोनी खुंट्याला बांधून ठेवलं का? पोरीचा हात पोरीचा. वझं पेलायचं का न्हाई, ते तिनं ठरवायचं. चूक बापाची. अन् दंड असा की बापानं आपल्या हातानं तो पट्टा सोडायचा अन् आपल्या नावेतनं तिला पल्याड नेऊन घालायचं. झाला न्याय."

"बराबर," लोक म्हणाले. विकासला तर आकाश ठेंगणं झालं. तांड्याच्या नसाबीत चित्रांचा सिनेमा जिंकला होता!

मागं बायकांत कुणीतरी उभं राहिलं. दिपा होती. नसाबीत बायका बोलत नाहीत. सगळ्यांच्या माना वळल्या.

"नायक," ती म्हणाली, "जो न्याय तिला, तोच मला पायजे. मलाबी नदीपल्याड जायचंय. नांदेडला. माझा बाप सोडून न्हाई राहिला."

रूपाबाईनं पदर तोंडावर ओढला. भावसिंग सगळ्यांच्या आधी सावरला. "ए पोरी, बस खाली. ते चित्र हाये. रेघोट्या हायेत. त्याच्यावरून का घरं चालतेत?"

थावरा नायकानं त्याला हातानंच थांबवलं आणि विकासकडे पाहिलं. "हे तू आनलं. तू सांग. हे खरं हाये का खेळ? खेळ असंल तं मी माझा शब्द मागं घेतो."

विकासनं बापाकडे पाहिलं. खेळ आहे म्हटलं असतं तर घरी संध्याकाळी शांतपणे भाकर खाता आली असती. पण मग आजवर टपरीवर जे बोलला ते सगळं थुंकून गिळावं लागलं असतं. आणि दिपा त्याच्याकडेच पाहत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे काही मागितलं होतं, तेही न बोलता. त्याला स्वतःची लाज वाटली, चांगली सणसणीत वाटली.

"खरं हाये, नायक," तो म्हणाला. "बा, दिपा बराबर हाये. मी आधीच बोलायला पायजे व्हतं."

हरिचंदनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग त्यानं विचारलं, तेही नायकाला नाही, पोराला.

"शेवटी तिचं काय व्हतं?"

शेवट विकासला तोंडपाठ होता, आणि तो गोड नव्हता. शहर वाचतं, साथ सरते, आणि पोर सगळीच्या सगळी दगडाची होते. हाच शेवट त्याला जगातला सगळ्यात भारी शेवट वाटत आला होता. आता तो सांगितला तर बाप दिपाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देईल का? वीज नव्हती. इंग्रजी कुणाला येत नव्हतं. हात बरा होतो, बाप-लेक नावेत बसून घरी येतात, असं म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. जीभ त्या दिशेनं वळलीही होती. पण समोर बसलेला माणूस पोरसोर नव्हता. तो खरं विचारत होता.

"दगड व्हते, बा. पूर्ण."

बायकांतून हुंदका आला. दिपानं डोळे मिटले. आता सगळं बुडालं असं विकासला वाटलं, आणि तरीही त्यानं नजर खाली घातली नाही.

"अन् बाप?"

"बाप पोचतो तवा ती दगड झालेली असते. नुस्ता पाहत राहतो."

हरिचंदनं मांडीवरच्या पागोट्याची घडी सरळ केली. मग ते डोक्यावर चढवलं आणि उठला.

"त्याचं चुकलं," तो म्हणाला. "तो उशिरा निघाला. पोरगी एकटी गेली म्हनून तसं झालं." मग दिपाकडे न पाहताच तो दाराकडे वळला. "कागदं काढून ठेव तुझी. आपुन उद्याच जाऊ."