सासूबाईंच्या नावावरची कामं

डायलिसिसच्या रुग्णांना रोज दुपारी मोबाइलवर दुसऱ्या दिवशीच्या वेळेचा निरोप जायचा. तो कोणी हाताने पाठवत नसे. सॉफ्टवेअरमध्ये वेळ लावून दिलेलं काम आपसूक चालायचं. त्या सोमवारी निरोप गेलेच नाहीत. मंगळवारी सकाळी दवाखान्यातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि नर्स एकेकाला फोन करून बोलावत बसल्या.

सॉफ्टवेअर कंपनीत हे निस्तरायचं काम सुनेकडे आलं. निरोपांची ही सगळी कामं लावली होती तिच्या सासूबाईंनी. त्या याच कंपनीतून गेल्या आठवड्यात निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांच्याच खुर्चीवर आता सून बसत होती.

काम अडकलं असतं तर यादीत लाल अक्षरात दिसलं असतं. इथे ती कामं यादीतूनच गायब होती, जणू कधी लावलीच नव्हती.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "तुमच्या सासूबाई जाताना पुसून गेल्या नसतील ना? बढती हुकली म्हणून नाराज होत्या त्या."

सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. पण जीभ आवरून ती म्हणाली, "सर, पुराव्याशिवाय कोणाचं नाव घ्यायला नको. मी बघते."

तिने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, घड्याळ तपासलं. उपयोग शून्य. इतरांनी लावलेली कामं सुरळीत चालू होती. गेली होती ती फक्त सासूबाईंची. क्षणभर तिच्याही मनात पाल चुकचुकली. घरी फोन लावायला तिने मोबाइल उचलला, पण तसाच खाली ठेवला. असलं काही विचारायचं आईंना?

एखादं काम कोणी पुसलं की सॉफ्टवेअर त्याची नोंद ठेवतं. तिने शोधलं, तर तशी एकही नोंद नव्हती. मग चाचणीच्या मशीनवर तिने एक खोटा कर्मचारी तयार केला, त्याच्या नावाने काम लावलं आणि त्याचं खातं बंद केलं. यादी पुन्हा उघडली. काम नाहीसं! चूक झाल्याचा इशारा नाही, पुसल्याची नोंद नाही.

ती साहेबांकडे गेली. "सर, आईंनी काही पुसलं नाही. काल सकाळी आपण नियमाप्रमाणे त्यांचं खातं बंद केलं, त्याबरोबर त्यांच्या नावावरची कामंही गेली."

"मग खातं उघडा परत, मिटलं!"

"आजचं मिटेल. उद्या तुम्ही निवृत्त झालात की तुमच्या नावाने लावलेले अहवालही असेच बंद पडतील."

सुनेने कोणा माणसाचं नव्हे, कंपनीचं म्हणून एक खातं उघडलं आणि सासूबाईंचं खातं तेवढ्यापुरतं चालू करून त्यातलं एकेक काम पारखून त्यावर लावलं. दुपारी निरोप सुटले. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंबद्दल मी नको ते बोललो. चुकलं माझं."

घरी तिने सगळं सांगितलं. सासूबाई आधी उसळल्या, "पुसून जाईन मी? कप धुऊन, टेबल पुसून आले, तेवढंच पुसलं!" मग त्यांना हसू फुटलं. "म्हणजे मी निघाले, तशी माझी कामंही पाठोपाठ निघाली की गं!"

थोड्या वेळाने त्या बाहेरच्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलू लागल्या. "अगं, अख्खी कंपनी डोकं धरून बसली होती! माझ्या सुनेने चुटकीसरशी काढलं शोधून. सर्व्हर नुसता उलटापालटा केला तिने!"

सर्व्हर कोणी उलटापालटा केला नव्हता. पण आत कपड्यांच्या घड्या घालत सून गालातल्या गालात हसली आणि आईंना बोलू दिलं.