कोकराची अव्वा

सकाळी अकराच्या सुमारास, सोलापुरात भवानी पेठेतल्या एका बालवाडीत, मायाक्काचं चित्रपुस्तक चौथ्या पानावर अडलं.

मंगळवेढ्याजवळच्या वस्तीवर ती अंगणवाडी चालवायची. इथली एक संस्था धाडस आणि चिकाटी या विषयावर सेविकांनी केलेल्या चित्रपुस्तकांतून एकच निवडणार होती आणि छापून जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांना वाटणार होती. निवडीआधी प्रत्येकीनं आपलं पुस्तक या बालवाडीतल्या मुलांना वाचून दाखवायचं होतं. मायाक्काकडची मुलं मेंढपाळांची. त्यांच्या पुस्तकांत समुद्र होता, विमान होतं, बर्फाचा माणूस होता. मेंढरू मात्र एकाही पानावर नव्हतं. ते यावं, एवढ्यासाठी तिचा हा खटाटोप.

गेल्या वर्षीही तिनं पुस्तक पाठवलं होतं. "कोकरू नुसतं ओरडत राहतं. यात धाडस कुठंय?" असं म्हणून संस्थेच्या इंद्रायणीबाईंनी ते परत केलं. म्हणून यंदा मायाक्कानं कोकराला एकटंच डोंगरावर चढवलं आणि लांडग्याशी झुंजवलं. एवढ्याशा कोकराला शिंगं नसतात, हे तिला का ठाऊक नव्हतं? पण धाडस हवं होतं, म्हणून तिनं तीही काढली.

"पण तेची अव्वा कुटं हाय?" पुढ्यात बसलेल्या सोमशेखरनं विचारलं.

"तेची आई व्हय? चरायला गेलीय."

"मग ती हुडकंना का तेला?"

"पुढं ऐक की. डोंगरावर लांडगा..."

"लांडगा नगं! अव्वा कुटं हाय सांग की!"

दोन मुली उठून खिडकीशी गेल्या. बालवाडीच्या भार्गवीबाईंनी डोळे वटारले. कुणी बधलं नाही. मागं बसलेल्या इंद्रायणीबाई मान खाली घालून काहीतरी लिहू लागल्या. हेही पुस्तक गेलं, हे मायाक्कानं ओळखलं.

तिनं ते मिटून बाजूला ठेवलं आणि पदर खोचला.

"अव्वा हुडकायचीय न्हवं? मग उठा. तुमी समदी कोकरं. ही सतरंजी म्हंजी वाघूर, मेंढरांच्या भवतीची जाळी. दिसभर तुमी हितं, आया लांब रानात. आता दिस बुडाला, कळप आला. लई आया हायत, समद्या सारख्या. तुमची कंची?"

"कसं कळायचं?"

"वरडायचं. आई वळखंस्तवर वरडायचं. दुसरीच्या अंगाला गेलात तर ती ढुसणी मारंल. पडायचं, उठायचं, परत वरडायचं."

मायाक्का चार पायांवर आली. सोमशेखर "बँऽ" करत जवळ आला तसं तिनं त्याला डोक्यानं हलकंच ढकललं. तो सतरंजीवर आपटला. त्यानं तोंड वाकडं केलं. मग तो उठला आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं ओरडला, "बँऽऽऽ!"

मायाक्कानं घोगऱ्या, लांबलचक आवाजात उत्तर दिलं. पोरगं तिच्या काखेत घुसलं. मग बाकीच्यांनी जो कालवा केला, त्यात शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाटही बुडाला. खिडकीतल्या मुली तर सगळ्यांच्या पुढं होत्या.

"अहो मायाक्का, हे पुस्तकात का नाही?" इंद्रायणीबाईंना ओरडूनच विचारावं लागलं.

"व्हतं की बाई. तुमीच माघारी धाडलं."

इंद्रायणीबाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "चुकलंच माझं. सोमवारपर्यंत नवी चित्रं द्या. निवड समितीशी मी भांडते. पण शब्द देत नाही हं."

"शब्द ऱ्हाऊ द्या. भांडा तेवढं."

सोमवारी चित्रं पोचली. लांडगा गेला होता, शिंगं गेली होती. समितीची बैठक त्यानंतर दोनदा पुढं ढकलली गेली. निकाल अजून लागलेला नाही.

भार्गवीबाईंचा फोन मात्र येऊन गेला. बालवाडी सुटली की पोरं आता दारात बसून ओरडतात आणि आईनं रस्त्यावरून "बँऽ" केल्याशिवाय एकही उठत नाही. काल सोमशेखरच्या अव्वानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, इकडंतिकडं पाहिलं आणि भर पेठेत त्याला उत्तर दिलं.