गळ्यावर भोवरा असलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे. आता तापीच्या वाळूत पोट टेकून पडलेय, पण एकेकाळी माझ्यावर पैज लागली होती. गंमत बघा, पैज लागली तेव्हा मला कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं!

साहेबाच्या राज्यातली गोष्ट. सारंगखेड्याजवळ, तापीकाठच्या गावात झिपरू भोई आणि रतिलाल पाटील शेजारी शेजारी राहायचे. त्या साली पुरानं झिपरूची छोटी नाव नेली. त्याचा मेहुणा उखा सुरतेपलीकडे डुमसला समुद्रात मासे धरायचा. त्यानं निरोप धाडला, "शिडाची होडी घे, मग दोघं मिळून खोल पाण्यात जाऊ." झिपरूच्या बायकोनं, भुरीबाईनं, हातातल्या चांदीच्या पाटल्या काढून दिल्या. आता होडी चुकली तर घर बुडालं, अशी गत.

हे रतिलालच्या कानावर गेलं. गडी केळी-कापसाचा, पण नाव कमावलं ते घोड्यांच्या पारखीत. सारंगखेड्याच्या यात्रेत त्यानं मान हलवली की सौदा पक्का. ओट्यावर बसून मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "झिपऱ्या, तुले काय समजस होडीमा? मी निवडसू."

"रतीभाऊ, होडी म्हंजे घोडं नहीं."

"दोन्हीवर बसतस ना मानसं? मंग! मी निवडेल होडी समुद्रमा गळनी, ते भर यात्रामा भुरीबाई सांगी ते करसू. नहीं गळनी ते तू करजो."

"लागनी पैज!"

भुरीबाई चुलीपासून ओरडली, "दोन्ही येडा! आनि पाटल्या मन्ह्या!"

दोघं आगगाडीनं सुरतेला आले, तिथून डुमसच्या किनाऱ्यावर. उखा तेव्हा समुद्रात गेला होता. तो येईपर्यंत थांबावं ना? पण रतिलालला धीर कुठला!

मी तिथं उभी होते. सागवान नवापूरच्या रानातलं, अंगावर लाल-हिरवा रंग, शीड पांढरंशुभ्र. नटवी म्हणा हवं तर. पण मित्रांनो, मला घडवलं होतं खाडीतून गवताचे भारे वाहायला. तळ चपटा, पोट उथळ. माझ्या शेजारी एक काळी, वाकड्या तोंडाची होडी होती. पोट खोल, नाक उंच, तळाला उभा कणा, फळ्या एकसारख्या. समुद्रावर जायला तीच हवी होती. तिच्याकडे दोघांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

झिपरू नदीतला माणूस. चपटा तळ पाहून खूश झाला, गाळात रुतणार नाही म्हणून. आणि रतिलाल? त्यानं माझ्याभोवती फेरा मारला, पाठीवर थाप दिली, खाली वाकून बघितलं आणि किंचाळला, "झिपऱ्या, दख! देवमण!"

देवमण म्हणजे घोड्याच्या गळ्यावरचा केसांचा भोवरा. तो असला की घोडं नशिबाचं, अशी समजूत. माझ्या गळ्यावर, म्हणजे नाकाच्या खाली, तसंच गोल गोल दिसत होतं खरं. पण ती लाकडातली गाठ होती. सुकून सैल झालेली, भोवती राळ भरून वर रंग फासलेला.

विकणारा पक्का बेरकी. हात जोडून म्हणाला, "लई जाव शेठ, नसीबवाळी छे!"

मला तोंड असतं तर मी तिथंच ठणाणा केला असता. पाटल्या विकणाऱ्याच्या हातात गेल्या. रतिलाल ऐटीत गावी परतला, झिपरू मागं राहिला. समुद्रातून परतलेल्या उखानं मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "दाजी, ही खाडीनी शे! काठ सोडू नका." पण पाटल्या काही परत येणार नव्हत्या. मग काठ धरून जाळं टाकायचं ठरलं. मासळी आज थोडी पुढं, उद्या आणखी थोडी पुढं. पुढं पुढं करता करता एके दिवशी काठ दिसेनासा झाला.

त्याच दिवशी वारा फिरला. कणा नसलेली मी, आडवी घसरायला लागले. लाटा गळ्यावर थडाथड बसल्या आणि गाठ उडाली. फट्! मुठीएवढ्या भोकातून समुद्र आत.

झिपरूनं पागोटं कोंबलं, ते वाहून गेलं. मग त्यानं भोकात टाच घातली आणि आडव्या फळीला पाठ लावून बसला. उखानं शीड उतरवलं, जाळं कापून सोडून दिलं, पाणी उपसत राहिला. फुटक्या फळीच्या धारदार कडा टाचेत शिरत होत्या, वरून खारं पाणी. झिपरू ओरडत होता, "भुरे, भुरे," पण टाच काढली नाही. लाटेनंच आम्हाला शेवटी वाळूवर फेकलं.

जीव वाचला. टाच सडली. तो पाय पुन्हा जमिनीवर नीट टेकला नाही.

मला मालगाडीतून, मग बैलगाडीतून तापीवर आणलं. भोकावर नवी फळी बसली. तेव्हापासून मी नदीत जाळं वाहिलं, आणि तिथं कधी गळले नाही. माझा दोष एवढाच, की मला नको तिथं नेलं. मित्रांनो, वस्तू घेताना आधी विचारा, ही घडवली कशासाठी? रंग बघून भुलू नका. आणि घेतलीत तर तिला झेपेल तेच काम सांगा.

पण पैज राहिली ना! यात्रा भरली. मला सारंगखेड्याच्या काठालाच ओढून ठेवलं होतं, सगळं दिसत होतं. घोडी पळवून दाखवायच्या जागी गर्दी, मध्ये रतिलाल, भोवती परमुलखातले व्यापारी. भुरीबाई झिपरूचा हात धरून थेट आत शिरली.

"रतीभाऊ, होडी गळनी."

रतिलालची मान खाली गेली. "सांग बाई. काय करू?"

"याले चालता येत नहीं. याले यात्रा दखाड. तू घोडं व्हय."

लोक खो खो हसले. रतिलालनं पागोटं काढून भुरीबाईच्या हातात दिलं आणि वाकला. झिपरू पाठीवर चढला. कुणी शीळ घातली, कुणी ओरडलं, "दात दखा रे याना!" मग झिपरूच्या धोतराखालून तो पाय लोंबताना दिसला, आणि हसणारे एकेक करून मागं सरून वाट देऊ लागले.

झिपरूलाच ते सोसेना. कानाशी वाकून म्हणाला, "रतीभाऊ, घोडं बेस शे. पन भोवरा कोठे दखास नहीं."

रतिलाल हसला नाही. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. एक फेरा पुरा झाला. भुरीबाई पागोटं पुढं करत म्हणाली, "बस व्हयनं भाऊ, उतार त्याले."

रतिलालनं पागोटं घेतलं नाही. झिपरूला पाठीवर नीट सरकवलं आणि दुसरा फेरा धरला.