फाटकाजवळची सहा मिनिटं

तिचं काम अनोळखी राहण्याचं होतं.

संशोधन केंद्रातल्या शेडमध्ये करडांचे दोन कप्पे होते. पहिल्या कप्प्यातल्या प्रत्येक करडाला शेड सांभाळणारे मामा रोज ब्रशनं खाजवत. दुसऱ्या कप्प्यातल्यांना चारापाणी सोडून कुणी हात लावायचा नाही. दर पंधरवड्याला तिनं राखाडी डगला घालून एकेका करडासमोर उभं राहायचं. हात खाली, नजर जमिनीवर, तोंडातून चकार शब्द नाही. करडू किती सेकंदांत जवळ येतं ते मोजायचं. दोन मिनिटांत आलंच नाही तर एकशेवीस लिहायचं. एका माणसानं माया लावली तर परक्या माणसावरही जनावराचा विश्वास बसतो का, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी परकं माणूस लागतं. ते ती होती.

"तुम्हाला न बोलण्याचा पगार मिळतो," मामा म्हणायचे. "आमची ही रागावली की चार-चार दिवस हेच काम फुकटात करते."

ती हसायची. दिवसाकाठी तिचं बोलणं जेमतेम एवढंच. आवारातल्या खोलीत ती एकटी राहायची. संध्याकाळी ताईचा फोन यायचा आणि नीट रेंज फक्त दुसऱ्या कप्प्याच्या फाटकाशी मिळायची.

चौथ्या चाचणीत दुसऱ्या कप्प्यातलं एकतीस नंबरचं करडू चार सेकंदांत आलं आणि तिच्या बाहीचं टोक चघळू लागलं. पहिल्या चाचणीत त्यानं एकशेवीस पूर्ण केले होते. त्याच्या मागोमाग बाकीचीही भराभर आली. दोन्ही कप्पे आता सारखेच. आकडे असेच गेले तर ब्रशनं काही फरक पडत नाही, असं छापून येणार होतं. मग केंद्राच्या सल्ल्यानं चालणाऱ्या शेडांमध्ये करडांना खाजवायच्या फंदात कोण पडेल?

"मामा, खरं सांगा. यांनाही हात लावता ना?"

"शपथ घेऊ का, बाई? चारा टाकतो नि पाठ फिरवतो. माझंच मला कसंनुसं होतं."

तिनं फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण काढलं. हे चित्रण कुणी कधी बघत नसे. त्यात मामा शब्दाला जागलेले दिसले. संध्याकाळी मात्र फाटकाशी एक बाई यायची, फोन कानाला लावायची आणि तिचा दुसरा हात गजांतून आत जायचा. एकतीस नंबर कपाळ पुढे करून उभंच असायचं, मागोमाग बाकीचीही हाताखाली यायची.

आपल्या त्या हाताचं तिला खरोखरच भान नव्हतं. सवयीनं तिनं नवा तक्ता उघडला आणि लिहिलं: फाटकाबाहेर उभी. हात कपाळावर, सहा मिनिटं चाळीस सेकंद. मग दुसरी संध्याकाळ, तिसरी. तीन दिवस ताईचा फोन आला नव्हता. त्या तिन्ही दिवशीही बाई तिथेच होती. एकदा तर अकरा मिनिटं.

हे चित्रण पुसून टाकलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. तिनं कार्यालयातल्या फोनवरून प्रयोगप्रमुख सरांना फोन लावला.

"स्पर्श करायचा नाही हा नियम कप्प्याच्या आतला होता, सर. मी बाहेर होते."

"हे करडांना कुणी सांगितलं होतं का?" सर म्हणाले. "दुसरा कप्पा तुलनेतून बाद. नवी करडं, नवे तीन महिने. आणि तू आता शेडकडे फिरकायचं नाही. फाटकाशीसुद्धा. तुझी ही करडं मात्र एकदा नव्या माणसाकडून तपासून घे. तुझ्या चुकीतून काही शिकता आलं तर बघू."

कार्यालयातल्या टायपिस्ट बाईंना राखाडी डगला चढवून आत पाठवलं. ती स्वतः खोलीत कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसली. एकशेवीस येऊ देत, असं मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

एकतीस नंबर कोपऱ्यात उभं होतं. त्यानं कान टवकारले, मान तिरकी केली, सरळ टायपिस्ट बाईंपाशी गेलं आणि त्यांची बाही तोंडात धरली. तिनं आकडा लिहिला. नऊ.

प्रश्नाचं उत्तर हवं होतं तसंच येऊ लागलं होतं. विश्वास एका माणसापुरता राहत नव्हता.

संध्याकाळी ती पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढून वर गेली. तिथे थोडीफार रेंज होती.

"आज मागून आवाज येत नाही गं," ताई म्हणाली. "कुठे गेली तुझी मंडळी?"

"आहेत की. माझ्यावाचून काही अडत नाही त्यांचं."

"मग चांगलंच आहे की!"

"हो, चांगलंच आहे," ती म्हणाली, आणि मोकळा हात तिनं परत मिळालेल्या डगल्याच्या खिशात घातला.